कबुतराच्या छातीतलं संशोधन आणि माझ्या दादाची गोळी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका सद्गृहस्थांचं पत्र आलं होतं. उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा आमच्याकडचा पतंगांचा सण, होऊन आठच दिवस झाले होते, मांज्याने पाखरं कापली जातात त्यामुळे विषय पक्ष्यांचा होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जखमी कबुतरांसाठी कॅम्प लागतात, पक्षी कसे उडतात यावर युनिव्हर्सिटीत लोक पीएचडी करतात, आणि इकडे डोकं बिघडलेली माणसं स्टेशनबाहेर फाटक्या कपड्यांत फिरतात त्यांच्याकडे बघायला कोणी नाही, तेव्हा पाखरांच्या संशोधनावरचा पैसा बंद करून तो वेड्यांच्या इलाजाला द्यावा. पत्र कळकळीचं होतं, स्टेशनबाहेरच्या माणसांबद्दल त्यांना वाटतं ते मलाही वाटतं. पण बाकीचं पत्र वाचून मला रात्री झोप आली नाही. कारण या दोन्ही गोष्टी माझ्या घरातल्या आहेत. मी बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीतून झूलॉजी घेऊन बीएस्सी केलं, पुढे २७ वर्षं शाळेत सायन्स शिकवलं, आणि माझा सख्खा मोठा भाऊ ४० वर्षांपासून स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात त्या मनाच्या आजाराचा, पेशंट आहे.

त्याच्यापासूनच सुरू करते. १९८६ ची नवरात्र. आम्ही तेव्हा दांडिया बाजारात एका जुन्या वाड्यात राहायचो, अण्णा रेल्वेत होते. दादा २४ वर्षांचा, आयटीआय करून एका कारखान्यात फिटर म्हणून लागलेला, हाताने इतका हुशार की उत्तरायणात त्याच्याशी पेच लावायला गल्लीतली पोरं घाबरायची. पाचव्या की सहाव्या माळेला तो रात्री घरी आला आणि आईला म्हणाला, गरब्याच्या लाउडस्पीकरवरून माझं नाव घेताहेत. आई म्हणाली अरे कोणीतरी मस्करी करत असेल. तो म्हणाला नाही, गाण्याच्या आत घेताहेत. दुसऱ्या दिवशी त्याने खोलीच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली, खळ केली होती कणकेची, आणि ती चिकटवताना इतका मन लावून करत होता की मी दारात उभी राहून बघत होते आणि मला कळत होतं की काहीतरी फार वाईट झालंय पण त्याला नाव काय ते माहीत नव्हतं.

नाव कळणं दूरच, योग्य उपचार मिळायलाच साडेतीन वर्षं गेली. बाहेरचं झालंय म्हणून शेजारच्या काकूंनी सांगितलं तिथे आई त्याला घेऊन गेली, एक भुवा, म्हणजे मांत्रिक, होता छोटाउदेपूरच्या बाजूला, त्याने मिरच्यांची धुरी दिली. मग दुसरा. मग एका देवस्थानात ४० दिवस. आईला दोष देत नाही, तिने जे केलं ते सगळं त्याच्यासाठी उपाशी राहून केलं. नंतर एका दवाखान्यात नेलं, तिथेही कोणी आम्हाला रोगाचं नाव सांगितलं नाही, फक्त गोळ्या चालू ठेवा एवढंच, आणि आम्हीही विचारलं नाही. आज मला माहीत आहे की आजार सुरू झाल्यापासून पहिला योग्य उपचार मिळेपर्यंत जो वेळ जातो तो जितका लांबतो तितका पुढे माणूस बरा व्हायला जड जातं, जगभरच्या अभ्यासांत हे परत परत दिसलंय. अमेरिकेत एक मोठी पाहणी २०१५ साली छापून आली त्यात सुद्धा हा मधला काळ साधारण ७४ आठवडे निघाला होता, म्हणजे तिथेही दीड वर्ष. आमचं साडेतीन. ती दोन वर्षं मला अजून टोचतात.

त्या दवाखान्यातून त्याला हॅलोपेरिडॉल नावाचं औषध सुरू झालं. आवाज कमी झाले, खरंच झाले, खिडक्यांवरचे कागद त्याने स्वतः भिजवून काढले. पण महिन्याभरात दादा लाकडासारखा झाला. चेहऱ्यावर काही हलायचं नाही, चालताना हात अंगाला चिकटलेले, बोटं कापायची, चहाची बशी धरली की त्यात लाटा. त्या वर्षीच्या उत्तरायणाला तो गच्चीवर आला आणि मी त्याच्या हातात दोरी दिली तर ती बोटांतून नुसती सरकत गेली, त्याला पकडताच येईना. तो काही बोलला नाही, फिरकी माझ्याकडे दिली आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसला, डोळे उघडे, मान खाली, दुपार गेली तरी तसाच.

आता हे सशाचं ऐका. पत्रलेखकांनी मुद्दाम ऐकावं. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५७ साली सशांना रेसरपिन नावाचं औषध दिलं तर ससे अगदी असेच बसून राहिले, कान पडलेले, हलायला तयार नाहीत. मेंदूतल्या पेशींच्या टोकाशी बारीक पिशव्या असतात त्यात एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारी रसायनं भरून ठेवलेली असतात, रेसरपिन त्या पिशव्या परत भरू देत नाही, त्यामुळे त्या रिकाम्या होतात. मग कार्लसननी त्याच सशांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर त्या निरोप्या रसायनांपैकी डोपामिन बनवतं, आणि थोड्याच वेळात ससे उठून इकडेतिकडे बघायला लागले, पळायला लागले. त्या आधी डोपामिन म्हणजे दुसरं एक रसायन बनताना मधे लागणारी पायरी एवढंच लोक धरून चालले होते, त्याचं स्वतःचं काही काम असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. याच धाग्यातून पुढे पार्किन्सनच्या पेशंटना एल-डोपा मिळायला लागलं. आणि १९६३ मध्ये कार्लसननी उंदरांवर काम करून सुचवलं की क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल ही वेडाची म्हणून दिली जाणारी औषधं डोपामिनचा दरवाजा अडवतात. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. मी ती बातमी शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचली, आणि वाचता वाचता मला आमची गच्ची, टाकीला टेकून बसलेला दादा दिसला. १० वर्षं मी त्याला आळशी झालास, मन लावत नाहीस, असं मनातल्या मनात आणि कधी तोंडावर सुद्धा म्हणत आले होते. तो आळशी नव्हता, औषधाने आवाज थांबवले होते आणि त्याच औषधाने हात पण थांबवले होते, कारण मेंदूत ज्या वाटेने आवाज येत होते तिच्या शेजारच्या वाटेने हात हलतात आणि गोळी दोन्ही वाटा अडवते. मी त्या दिवशी घरी जाऊन त्याची माफी मागितली. हे मला सशांनी शिकवलं.

आणि रेसरपिन कुठून आलं? सर्पगंधेच्या मुळातून. आपल्याच देशातली वनस्पती, वैद्य लोक पिढ्यान्पिढ्या वापरत आलेली. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिलं की या मुळीने ब्लडप्रेशर उतरतं आणि हिंसक झालेले मनोरुग्ण शांत होतात. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा ब्लडप्रेशरवरचा उपयोग ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापला तेव्हा परदेशाचं लक्ष गेलं, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं, १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात नेथन क्लाईन यांनी मोठ्या मनोरुग्णालयात ते वापरून बघितलं. आणि या सगळ्याच्या मधे, १९५३ साली, अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी मनोविकारांवरच्या देशी औषधांचा निबंध वाचला तो कुठे वाचला माहितीये का? गुजरात-सौराष्ट्राच्या डॉक्टरांची सहावी परिषद भरली होती, ती भरली होती आपल्या बडोद्यात. मनोविकारांच्या औषधांच्या जागतिक इतिहासात त्या निबंधाचा उल्लेख येतो, त्यापुढे गावाचं नाव बडोदा असं छापलेलं असतं, आणि मी बडोद्यात जन्मून बडोद्यात शिकवून रिटायर झाले तरी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या पेपरने एकदा तरी यावर लिहावं ही माझी मनापासून इच्छा आहे.

(इथे एक हात जोडून सांगते, हे वाचून कोणी सर्पगंधा आणून घरच्या पेशंटला देऊ नका. रेसरपिनने प्रेशर फार उतरतं, माणूस खोल उदास होऊ शकतो, त्यामुळेही ते औषध या आजारासाठी मागे पडलं.)

क्लोरप्रोमाझिनची गोष्ट पण अशीच. फ्रान्समध्ये आंरी लाबोरी नावाचे सर्जन ऑपरेशनच्या वेळी पेशंट शांत राहावा म्हणून औषध शोधत होते, वेडाचा संबंधच नव्हता. औषध बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये उंदरांना शिकवलेलं की घंटा वाजली की दोरीवर चढायचं नाहीतर खालून शॉक लागेल. क्लोरप्रोमाझिन दिलेले उंदीर घंटा ऐकून सुद्धा चढेनात, चढता येत होतं तरी. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन हॉस्पिटलमध्ये डेले आणि डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिलं आणि तिथून सगळं बदललं. बरं, आणि कबूतर? हार्वर्डमध्ये पीटर ड्यूज यांनी १९५५ मध्ये पेटीतल्या कबुतरांना चोचीने बटण दाबायला शिकवून मेंदूवरची औषधं वागणुकीवर काय करतात ते मोजलं, त्यातून औषध आणि वागणूक यांच्या अभ्यासाची एक अख्खी शाखा उभी राहिली. म्हणजे पत्रलेखक ज्या पाखराच्या पिंजऱ्यावरचा पैसा काढून घ्या म्हणतात, तिथे मनोरुग्णांची औषधं समजून घेतली गेलीत.

आता उडण्याबद्दल, कारण त्यांचा खरा राग त्यावरच आहे.

आमच्या झूलॉजीच्या डिपार्टमेंटमध्ये जे. सी. जॉर्ज नावाचे प्राध्यापक होऊन गेले. मी शिकायला गेले तेव्हा ते केव्हाच कॅनडात गेल्फ युनिव्हर्सिटीत गेलेले होते, पण नाव अजून कॉरिडॉरमध्ये होतं, आमचे सर कबूतर उघडताना आवाज खाली आणून त्यांचं नाव घ्यायचे. प्रॅक्टिकलला मी पहिल्यांदा कबुतराची छाती उघडली तो दिवस आठवतो. मधे जहाजाच्या तळासारखं हाड उभं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गच्च भरलेला स्नायू, काळपट लाल, कबुतराच्या वजनाचा साधारण पाचवा भाग नुसता तोच. सर म्हणाले, घरी कोंबडी आणता ना, तिची छाती कशी असते, पांढरी. तंगडी लालसर. का? कोंबडी दिवसभर चालते, उडते फक्त कुत्रं अंगावर आलं की, भिंतीपर्यंत. कबूतर तासन्तास उडतं. जॉर्ज सर आणि त्यांचे विद्यार्थी नाईक यांनी १९५८ मध्ये नेचर या विज्ञानाच्या साप्ताहिकात दाखवलं की कबुतराच्या छातीत दोन जातींचे तंतू आहेत, रुंद पांढरे ज्यात ग्लायकोजेन म्हणजे साखरेच्या जातीचं इंधन साठवलेलं, आणि बारीक लाल, संख्येने खूप जास्त, ज्यात चरबी भरलेली. एक ग्रॅम चरबीतून ९ कॅलरी मिळतात आणि साखरेच्या जातीच्या पदार्थातून ४, शिवाय ग्लायकोजेन बरोबर पाणी धरून ठेवतं म्हणजे वजन, तेव्हा ज्याला हवेत राहायचंय त्याने चरबी जाळणंच परवडतं. तोपर्यंत स्नायूचं इंधन म्हटलं की लोकांच्या डोक्यात साखरच यायची. हे काम बडोद्यात झालं, साध्या लॅबमध्ये. १९६३ मध्ये त्यांनी इथूनच पक्ष्यांवरचं ‘पावो’ नावाचं संशोधन नियतकालिक काढलं, आणि १९६६ मध्ये अमेरिकेतल्या बर्जर यांच्याबरोबर पक्ष्यांच्या स्नायूंवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला.

याचा दादाशी काय संबंध असं विचाराल. सरळ धागा आहे असा दावा मी करत नाही. पण २००१ मध्ये एका चांगल्या डॉक्टरांनी दादाचं औषध बदलून क्लोझापिन केलं. हे औषध १९७५ मध्ये फिनलंडमध्ये काही पेशंटच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी होऊन ते दगावल्यामुळे बऱ्याच ठिकाणी बंद पडलेलं, मग १९८८ मध्ये जॉन केन यांच्या प्रयोगात दिसलं की दुसरी औषधं लागू न पडलेल्या पेशंटपैकी ३० टक्क्यांना याने फरक पडला आणि जुन्या क्लोरप्रोमाझिनने फक्त ४ टक्क्यांना, म्हणून रक्त तपासत राहायच्या अटीवर ते परत आलं. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला मी दादाला स्कूटरवर मागे बसवून रक्त द्यायला नेत होते, नंतर महिन्यातून एकदा, आजही नेते. त्याचे हात सुटले. चौथ्या महिन्यात त्याने आपणहून शर्टाचं बटण लावलं, ते बटण लावणं मी आयुष्यभर विसरणार नाही. पण वजन! ५८ किलोचा माणूस दोन वर्षांत ८१ किलोवर, साखर वाढली, रात्री तोंडातून लाळ इतकी की उशी भिजायची, पोट साफ व्हायचं नाही. स्किझोफ्रेनियाचे पेशंट इतरांपेक्षा सरासरी दहा-पंधरा वर्षं लवकर जातात, आणि त्यातले बरेचसे हृदयाच्या रोगाने, डायबेटिसने. म्हणजे आता प्रश्न चरबीचा आहे. शरीर चरबी कुठे साठवतं, कधी जाळतं, कोणत्या स्नायूत, कोणतं एन्झाइम. जॉर्ज सरांनी कबुतराच्या छातीत हेच शोधलं होतं. मन एका डॉक्टरकडे आणि शरीर दुसऱ्याकडे अशी वाटणी आपण केलीय, दादाच्या अंगात तशी भिंत नाही. डॉक्टरांनी साखरेवरचं मेटफॉर्मिन दिलं, मी रोज संध्याकाळी त्याला कमाटी बागेत दोन फेऱ्या मारायला लावते, ८१ वरून ७२ वर आणलंय.

असल्या संशोधनाचा पुढे काय उपयोग होईल हे आधी सांगताच येत नाही. हिवाळ्यात डभोईजवळ वढवाणा तळ्यावर गेलात तर पट्टकादंब दिसतील, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी हंस. सयाजीराव महाराजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं तळं, २०२१ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. हे पक्षी हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात, पाठीवर यंत्र बांधलेल्या एकाची ७२९० मीटरपर्यंत नोंद झालीय, जिथे माणूस चार पावलं टाकून धापा टाकतो. त्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये किंचित फरक आहे त्यामुळे ते विरळ हवेतून ऑक्सिजन जास्त घट्ट पकडतं. जेसिका मीअर या संशोधक बाईंनी या हंसांची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यापासून आईसारखी सांभाळली, मोठी झाल्यावर कॅनडात त्यांना चोचीवर मास्क लावून पंख्याच्या वाऱ्याच्या बोगद्यात उडवलं आणि विरळ हवा दिली. २०१९ मध्ये छापून आलं की हवा विरळ झाली तसा हंसांनी शरीराचा ऊर्जेचा एकूण खर्चच कमी केला, आणि परत येणारं रक्त थंड झालं, थंड रक्त ऑक्सिजन जास्त धरतं. त्याच वर्षी त्या बाई अंतराळात गेल्या. ज्या माणसाला आयसीयूमध्ये ऑक्सिजन कमी पडतो त्याच्यासाठी यातलं काय कामाला येईल मला सांगता येत नाही, पण सर्पगंधेचं औषध देऊन ससे बसवणाऱ्याला तरी कुठे माहीत होतं की त्यातून बडोद्यातल्या एका फिटरचा आजार त्याच्या बहिणीला समजणार आहे.

नवीन औषधाचंच बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम अशा जोड औषधाला स्किझोफ्रेनियासाठी मान्यता मिळाली, ७० वर्षांत पहिल्यांदा असं औषध जे डोपामिनचा दरवाजा थेट अडवत नाही, वेगळ्याच वाटेने जातं. यातलं झॅनोमेलिन हे १९९० च्या दशकात अल्झायमरसाठी तपासत होते. विसरण्यावर म्हणावा तसा गुण आला नाही, पण बघणाऱ्यांच्या लक्षात आलं की म्हाताऱ्या पेशंटचे भास कमी झालेत. पोटाच्या त्रासामुळे ते कपाटात गेलं. मग कोणाला तरी सुचलं की लघवीच्या तक्रारीसाठीचं ट्रॉस्पियम मेंदूत शिरत नाही, ते बरोबर दिलं तर पोटाचा त्रास अडेल आणि मेंदूतलं काम चालू राहील. बंद पडलेली फाइल, दुसऱ्याच रोगाची गोळी. पैसे ‘फक्त वेडाच्या इलाजाला’ असे बांधून ठेवले असते तर हे झालं नसतं.

आता स्टेशनबाहेरची माणसं. पत्रलेखकांच्या या दुःखात मी त्यांच्याबरोबर आहे, म्हणून नीट बोलूया. त्यांच्यासाठी पैसा पाखरांच्या लॅबमधून काढायची गरज नाही, कायदा आधीच आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ पासून लागू आहे, त्यात कलम १०० आहे, बेवारस फिरणारा मनोरुग्ण दिसला तर पोलीस स्टेशनच्या प्रमुखाचं काम आहे की त्याला संरक्षणात घ्यायचं आणि २४ तासांत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं. त्याच कायद्याने सरकारी उपचार हा हक्क केलाय आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असं सांगितलंय. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, कुठल्याही वेळी लागतो. मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर हा नंबर टाकला तर तिघांनी मला खाजगीत फोन केला, तिघांच्याही घरात कोणीतरी होतं आणि तिघांनीही ते लपवलं होतं. आपल्या मराठी घरांत तर लग्नं मोडतील म्हणून माळ्यावर ठेवल्यासारखी माणसं ठेवलेली मी बघितलीयत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली, गुजरातही होतं, त्यात अशा गंभीर आजारांच्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना उपचारच मिळत नव्हते. हे औषध नाही म्हणून नाही होत. काही महिन्यांपूर्वी आमच्या एका ओळखीच्या मुलाची सरकारी केंद्रावरची गोळी तीन आठवडे स्टॉकमध्ये नव्हती, पुढच्या महिन्यात या म्हणाले, आणि तीन आठवड्यांत मुलगा परत खिडकीला कागद लावायला लागला. तिथे ओरडा. मी पण येते ओरडायला.

आणि काय करता येतं त्याचं पण संशोधन झालंय, आपल्याच देशात. गोवा, तामिळनाडू आणि आपला सातारा, तिथे २८२ पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या गावातल्या माणसांनी घरी जाऊन पेशंटला आणि घरच्यांना धीर दिला, गोळ्या, कामधंदा, लोकांत मिसळणं याच्या मागे लागले, तर नुसत्या दवाखान्यापेक्षा फरक पडला. जादू झाली नाही, थोडासाच पडला. पण माझ्या आईच्या दारात १९८६ मध्ये असं एक माणूस आलं असतं तर मिरच्यांची धुरी टळली असती.

यंदाच्या वासी, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या, उत्तरायणाचं सांगून थांबते. दादा दरवर्षी १४ आणि १५ तारखेला गच्चीवर बुटाचं रिकामं खोकं, जुनी साडी आणि कात्री घेऊन बसतो. पतंग उडवत नाही आता. या वर्षी १५ ला दुपारी एक कबूतर शेजारच्या डिशवर लटकलेलं होतं, त्याने मांजा दोन्ही बाजूंनी कापला, ओढला नाही, कारण ओढला की आत शिरतो. पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा एक पडदा असतो, खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेला, तो चिरलेला होता आणि आतली स्नायूची दोरीसारखी शीर पांढरी दिसत होती. त्याने साडीत गुंडाळून ते माझ्या हातात दिलं, इतकं गरम, कबुतराचं अंग ४१-४२ डिग्री असतं, आणि बोटाखाली छातीचं ते हाड. दादाने विचारलं, ताई, शिवलं तर उडेल का हे? तो माझ्याहून मोठा असून मला ताईच म्हणतो. मी म्हटलं छातीचा स्नायू शाबूत आहे, पंख वर उचलणारा स्नायू पण छातीतच असतो, त्याची दोरी खांद्यातल्या भोकातून कप्पीसारखी वर जाते, ती तुटली नसेल तर आशा आहे. जखमी पाखरांसाठीच्या सरकारी करुणा अभियानाच्या कॅम्पवर नेलं, तिथल्या पोरीने, असेल २३-२४ ची, व्हेटर्नरीची, तिने पंख पसरून बघितला आणि तेच सांगितलं, पडदा शिवते, शीर तुटलेली नाही. तिला हे माहीत आहे कारण कोणीतरी कधीतरी नुसतं कबूतर कसं उडतं हे बघण्यात वर्षं घालवली. दादा टाके पडेपर्यंत तिच्या शेजारी उभा होता आणि टॉर्च धरून होता. हात हलला नाही त्याचा.

दोन विनंत्या आहेत. तुमच्या बातम्यांच्या मथळ्यात ‘वेडा’, ‘वेडसर’, ‘माथेफिरू’ हे शब्द येतात ते कृपया बंद करा, दादा रोज सकाळी तुमचाच पेपर वाचतो. आणि जागेअभावी हे पत्र कापावं लागेल हे मला कळतं, तर आमच्या घरचं कापा, पण १९५३ ची बडोद्यातली परिषद आणि जॉर्ज सरांचं कबूतर कापू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे